आमच्या मुलींचा आदर्श कोण? सेलिब्रिटी, जाईबाई आणि बाबासाहेबांची कसोटी

गेल्या ८ मार्चला आमच्या वस्तीतल्या विहारात महिला दिनाचा कार्यक्रम झाला. मंडळातल्या पोरांनी हौसेने मोठा फ्लेक्स लावला होता. वर 'नारीशक्तीला सलाम' आणि खाली आठ-दहा फोटो. मधोमध दोन सिनेनट्या, एक विश्वसुंदरी, एका उद्योगपतीची पत्नी. सावित्रीमाई आणि रमाई डाव्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढ्या. कार्यक्रमात आम्ही मुलींना विचारले, "तुमचा आदर्श कोण?" बारावीतल्या एका मुलीने क्षणभरही न थांबता एका नटीचे नाव घेतले. का, असे विचारल्यावर म्हणाली, "ती कुणावर अवलंबून नाही. स्वतःच्या पायावर उभी आहे."

त्या मुलीची आई त्याच सभेत शेवटच्या रांगेत बसली होती. पहाटे साडेचारला उठून झाडूकामाला जाते. नवरा वारल्यावर दोन लेकरांना शिकवते आहे. ठेकेदार पगाराची पावती देत नव्हता, तेव्हा सोबतच्या अकरा जणींना गोळा करून तीन महिने तिने कार्यालयाचे उंबरे झिजवले आणि पावती मिळवली. ती स्वतःच्या पायावर उभी नाही काय? पण तिच्याच लेकीला ते दिसले नाही.

दोष त्या मुलीचा नाही. शाळेत असताना वहीच्या पुठ्ठ्यावर नटनट्यांचे फोटो आम्हीही चिकटवले आहेत. प्रश्न असा आहे की कोणाकडे पाहायचे हे आमच्या मुलींना कोण शिकवते? आणि ज्यांच्याकडे पाहायला हवे होते त्या बायका त्यांच्या नजरेआड कोणी केल्या? याचे उत्तर आजच्या मोबाइलमध्ये सापडणार नाही. त्यासाठी ऐंशी वर्षे मागे जावे लागेल.

१९४१ आणि १९४२

१९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा एक भारतीय नटी झळकली. तिचे नाव लीला चिटणीस. धारवाडला जन्मलेली मराठी बाई, पदवीधर, 'कंगन' या १९३९ च्या चित्रपटाने देशभर गाजलेली. तोवर या साबणाच्या जाहिरातीत परदेशी नट्या असत. आता आपल्यातलीच एक बाई साबणाची वडी घेऊन घराघरांत पोहोचली. तेव्हापासून आजपर्यंत कितीतरी नट्या त्या साबणासाठी उभ्या राहिल्या.

आता दुसरे चित्र पाहा. ते पहिल्यापासून जेमतेम वर्षभराच्या अंतरावर आहे. जुलै १९४२, नागपूर. १८ ते २० जुलै या तीन दिवसांत अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला. २० जुलैला त्याच मंडपात दलित महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या वेळच्या नोंदी सांगतात की वीस-पंचवीस हजार बायका हजर होत्या. शेतमजूर, विडी वळणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

या बायकांनी काय मागितले? घटस्फोटाचा कायदेशीर हक्क. एका पुरुषाच्या अनेक बायका करण्याच्या प्रथेवर बंदी. गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना हक्काची रजा, कामावर इजा झाली तर भरपाई, म्हातारपणी पेन्शन. मुलींसाठी वसतिगृहे. कायदेमंडळात स्त्रियांना राखीव जागा. गिरणीतल्या बायकांवर देखरेख ठेवायला स्त्री अधिकारी.

ही यादी पुन्हा वाचा. लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. ती मागणी आमच्या आज्या-पणज्यांनी १९४२ मध्ये नागपूरच्या मंडपात हात वर करून मंजूर केली होती! समाजाची प्रगती मोजायची तर त्या समाजातल्या स्त्रियांची प्रगती मोजा, हे बाबासाहेबांचे बोलही याच परिषदेतले. आज ते कॉर्पोरेट कंपन्यांच्या महिला दिनाच्या शुभेच्छापत्रांवर छापतात. समोर कोण बसले होते ते मात्र कोणी छापत नाही.

आता सांगा, १९४१ ची जाहिरात देशाच्या आठवणीत राहिली आणि १९४२ ची परिषद राहिली नाही, हे आपोआप झाले का? जाहिरातीमागे कंपनीचा पैसा होता, वर्तमानपत्राचे पान होते, कॅमेरा होता. परिषदेमागे पायी चालत, मिळेल त्या गाडीने आलेल्या बायका होत्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले, म्हणून आज ही नावे तरी आपल्याला ठाऊक आहेत. सत्तेचाळीस वर्षे लागली. आणि हे काम कोणत्याही विद्यापीठाने केले नाही, आपल्याच दोन बायांनी केले.

जाईबाईंचे ओझे

त्या काळातली एक बाई नीट ओळखून घेऊ. जाईबाई चौधरी. जन्म १८९२, नागपूरजवळच्या उमरेडचा. गरिबीमुळे त्या नागपूर-कामठी भागात हमाली करत, प्रवाशांचे सामान डोक्यावरून वाहत. एका मिशनरी बाईंची नजर त्यांच्यावर गेली आणि त्यांना शिकायची संधी मिळाली. पुढे शिक्षिकेची नोकरीही मिळाली. पण महार बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्णांनी ओरड केली आणि नोकरी गेली.

इथे बहुतेक जणांची कहाणी संपली असती. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली, 'संत चोखामेळा कन्या पाठशाळा'. डोक्यावर पेटी वाहणाऱ्या बाईने दुसऱ्यांच्या लेकींच्या हाती पाटी दिली.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. देशातल्या शिकल्या-सवरलेल्या, नामवंत स्त्रियांची ही संघटना. आजच्या भाषेत, त्या काळच्या सेलिब्रिटी. स्त्रियांच्या उन्नतीची भाषणे झाली आणि जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. व्यासपीठावर भगिनीभाव आणि पंगतीत जात! या अपमानाच्या निषेधार्थ १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी स्वतःची सभा घेतली. १९४२ चा मंडप आकाशातून पडला नव्हता. त्याचा एक खांब या पंगतीत रोवला गेला होता.

म्हणून 'सगळ्या बायकांचा आदर्श' असे कोणी म्हणाले की आम्ही आधी विचारतो, या 'सगळ्या'त जाईबाई कुठल्या पंगतीत बसल्या आहेत?

कोणाचे धाडस, कोणाचा कलंक?

सेलिब्रिटी होण्याची संधी सगळ्यांना सारखी असते, गुण असले की झाले, असे सांगितले जाते. इतिहास काय म्हणतो?

१९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' निघाला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी दादासाहेब फाळक्यांना बाई मिळाली नाही. अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. कारण चारचौघांत नाचणे-गाणे हे 'हलक्या' बायकांचे काम मानले जाई. पुढे उच्चवर्णीय, शिकलेल्या घरांतल्या स्त्रिया पडद्यावर आल्या. दुर्गा खोटे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त आल्या तेव्हा ते धाडस ठरले, सिनेमाला प्रतिष्ठा आली असे लिहिले गेले. लीला चिटणीसांच्या बाबतीतही 'पदवीधर, सुसंस्कृत घरातली स्त्री' ही ओळख मुद्दाम पुढे केली गेली.

त्यांचे धाडस आम्ही नाकारत नाही. लीलाबाईंनी तर नवऱ्यापासून वेगळे होऊन मुले वाढवली, त्यासाठी पडेल ते काम केले. पण तेच नाचणे-गाणे पिढ्यान्‌पिढ्या तमाशाच्या फडात करणाऱ्या महार-मांग-कोल्हाटी बायकांच्या वाट्याला काय आले? एकीसाठी कला, दुसरीसाठी कलंक. फरक कलेत नव्हता, जातीत होता.

विठाबाई नारायणगावकर आठवा. मांग समाजातली, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातली तमाशासम्राज्ञी. दिवस भरलेले असताना फडावर नाचली, कळा आल्या म्हणून आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्र आजही कौतुकाने सांगतो. आम्हाला त्या कौतुकाचीच भीती वाटते. बाळंतिणीला तासभर पडून राहता येऊ नये, हा गौरवाचा विषय कसा? राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही कलावंत शेवटी आजारपणात पैशाला मोताद झाली आणि २००२ मध्ये गेली. मेल्यावर तिच्या नावाने सरकारी पुरस्कार सुरू झाला. १९४२ च्या त्या बायका मागत होत्या ती रजा आणि ते पेन्शन विठाबाईला मिळाले असते तर?

केरळातली पी. के. रोझी याहून विदारक. पुलय या अस्पृश्य जातीतली, गवत कापून पोट भरणारी, लोकनाट्यात काम करणारी मुलगी. 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम चित्रपटाची ती नायिका. १९३० च्या सुमारास तिरुवनंतपुरमला चित्रपट लागला तेव्हा दलित मुलीने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून सवर्णांनी पडद्यावर दगड मारले. रोझीला गाव सोडून तमिळ मुलखात पळावे लागले. पुन्हा ती पडद्यावर आली नाही. एका बाजूला जाहिरातीचे पान, दुसऱ्या बाजूला दगड!

आज हे बदलले, असे म्हणाल तर वंदना कटारिया आठवा. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल, ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू. पण उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या गावात घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाली. नाव देशभर झाले तरी जात दारात उभीच होती.

रूपाचा प्रश्न आणि महाड

कोणी म्हणेल, तुम्हाला बायकांचे नटणे-सजणे खुपते. मुळीच नाही. आपल्या चळवळीने रूपाचा प्रश्न कधी क्षुल्लक मानला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत काय बोलले? लुगडे नेसण्याची पद्धत बदला. जातीची खूण म्हणून अंगावर लादलेले जाडजूड दागिने उतरवा. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. आणि बायकांनी लगेच लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. कपडा बदलणे म्हणजे तिथे बंड होते. कारण गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि कथलाचे दागिने ही त्यांची आवड नव्हती, ती मनूने मारलेली मोहोर होती.

आता १९७५ मध्ये बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमशी याची तुलना करा. 'फेअर अँड लव्हली' म्हणजे गोरी तीच सुंदर, हे नावातच होते. नामवंत नट्यांनी अशा क्रीमच्या जाहिराती वर्षानुवर्षे केल्या. सावळी मुलगी नोकरीच्या मुलाखतीत नापास, लग्नाच्या बाजारात नापास, आणि ट्यूब लावली की पास. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलने उसळली तेव्हा कंपनीने नावातला तो शब्द काढून 'ग्लो अँड लव्हली' केले. पंचेचाळीस वर्षे आमच्या वस्तीतल्या मुलींनी बचतीचे पैसे त्या ट्यूबवर घातले ते कोण परत करणार?

महाडमध्ये बाबासाहेबांनी सांगितले, तुमच्यात कमी काही नाही, लादलेली खूण उतरवा. जाहिरातीतली सेलिब्रिटी सांगते, तुमच्यात कमी आहे, ही वस्तू विकत घ्या. पहिल्याने बाई ताठ उभी राहिली. दुसऱ्याने ती आरशासमोर खाली मान घालून उभी राहिली.

कायदा कोणाच्या जिवावर आला?

२०१८ मध्ये मी-टू मोहीम सिनेसृष्टीत गाजली. अनेक स्त्रिया धैर्याने बोलल्या, ते योग्यच झाले. पण कामाच्या जागी लैंगिक छळ हा गुन्हा आहे, हे या देशाने कोणामुळे मान्य केले? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवीमुळे. कुंभार समाजातली, सरकारी योजनेतली तुटपुंज्या मानधनाची 'साथिन'. तिने गावातल्या वरचढ जातीच्या घरातला बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. पण तिच्या प्रकरणातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ मध्ये कायदा झाला.

आज वातानुकूलित कार्यालयातल्या प्रत्येक बाईला या कायद्याचे संरक्षण आहे. तक्रार समितीच्या फलकावर भंवरी देवीचे नाव कितीजणींनी पाहिले? महिला दिनाच्या फ्लेक्सवर तिचा फोटो कोणी लावला?

बाबासाहेबांची कसोटी

मग आदर्श ठरवायचा कसा? आमच्या मनाने नको, बाबासाहेबांनाच विचारू. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी 'रानडे, गांधी आणि जीना' हे व्याख्यान दिले. थोर माणूस कोणाला म्हणावे, हाच त्यातला मोठा प्रश्न आहे. त्यांनी नामवंत व्यक्ती आणि थोर व्यक्ती यांत स्पष्ट रेघ ओढली. प्रामाणिकपणा हवा, बुद्धी हवी, पण तेवढ्यानेही माणूस थोर होत नाही. त्याच्या कर्तृत्वामागे सामाजिक हेतू हवा. समाजातल्या दुष्टपणावर त्याने चाबूक ओढला पाहिजे आणि समाजातली घाणही उपसली पाहिजे. हे करतो तोच आदराला पात्र.

या व्याख्यानाच्या प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट आहे. पत्रकारिता हा आता धंदा झाला, साबण बनवण्याच्या धंद्यापेक्षा जास्त नैतिकता त्यात उरली नाही आणि विभूतिपूजा हेच तिचे मुख्य कर्तव्य झाले, असे बाबासाहेबांनी लिहिले. १९४१ मध्ये साबण विकायला चेहरा वापरला, १९४३ मध्ये बाबासाहेब सांगतात की चेहरेही साबणासारखेच विकले जात आहेत. आजची माध्यमे पाहिली की वाटते, त्यांनी हे काल लिहिले असावे.

ही कसोटी लावली की गोंधळ उरत नाही. सेलिब्रिटी म्हणजे नामवंत. ती चांगली असेल, कष्टाळू असेल, तिच्या कामाचे कौतुक जरूर करावे. पण तिच्या यशाने वाट मोकळी झाली की फक्त तिचीच गाडी पुढे गेली, हे विचारलेच पाहिजे. जाईबाईंमुळे मुलींना शाळा मिळाली. भंवरी देवीमुळे कायदा मिळाला. सुलोचनाबाईंच्या परिषदेने बाईला मजूर म्हणून हक्क मागायला शिकवले.

याच कसोटीवर एखादी नामवंत स्त्री उतरली तर? तर तिला मान द्यायला आम्ही कचरणार नाही. २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट या कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या, लैंगिक छळाविरुद्ध सत्ताधारी पक्षाच्या खासदाराशी त्यांनी सरळ झुंज घेतली, पोलिसांनी फरफटवले तरी हटल्या नाहीत. पदकामुळे त्या नामवंत झाल्या होत्या. ते नाव त्यांनी पणाला लावले, म्हणून त्या आदर्श. प्रसिद्धी वाईट नाही. ती कोणासाठी खर्च केली, हा सवाल आहे.

"पण खेड्यातल्या मुलीला मोठे स्वप्न तर दिसते ना?" हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. स्वप्न दिसते, मान्य. पण त्या स्वप्नाला जिना नसतो. लाखातली एक पोहोचते आणि उरलेल्या स्वतःलाच दोष देत बसतात. जाईबाईंच्या वाटेला मात्र पायऱ्या आहेत. शिकणे, संघटित होणे, दुसरीला शिकवणे. ती वाट कोणतीही मुलगी आज संध्याकाळपासून धरू शकते.

आपला कोपराही झाडूया

शेवटी थोडे आपल्या लोकांशी. फ्लेक्स कंपनीने लावला नव्हता, आपल्याच पोरांनी लावला होता. जयंतीला डीजेवर हजारो उडवताना, टीव्हीवरचा चेहरा 'प्रमुख आकर्षण' म्हणून आणताना आपण महिला मंडळाला किती मिनिटे देतो? सावित्रीमाई-रमाईंना हार घालतो, पण सावित्रीमाईंनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ मध्ये प्राण सोडला, हे पोरांना सांगतो का? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्याच्या भीतीने जवळपास वीस वर्षे कागद लपवून लिहिले. तो नवरा चळवळीतलाच होता. आपल्या घरातली ही घाण उपसल्याशिवाय दुसऱ्याच्या जाहिरातीवर बोट ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

आमचे कार्यकर्त्यांना इतकेच सांगणे आहे. आपल्या वस्तीत जुन्या, म्हाताऱ्या बाया अजून आहेत. कोणी नामांतरात तुरुंगात गेली, कोणी १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात कडेवर पोर घेऊन गेली. त्यांच्याकडे जा, मोबाइल काढा, त्यांचे बोलणे नोंदवा. तोच मोबाइल, ज्यात आपली मुलगी नटीचे रील पाहते. मून-पवारांनी टेपरेकॉर्डर आणि वहीवर केले ते आपल्या खिशातल्या यंत्रावर होऊ शकते. या बाया गेल्या तर पुन्हा सत्तेचाळीस वर्षे थांबूनही काही हाती लागणार नाही.

त्या कार्यक्रमाच्या शेवटी आम्ही बारावीतल्या त्या मुलीच्या आईला पुढे बोलावले आणि पगारपावतीची गोष्ट सांगायला लावली. ती लाजली, अडखळली, मग बोलत सुटली. कार्यालयातला साहेब काय म्हणाला, बाराजणींनी काय उत्तर दिले, सगळे. विहार टाळ्यांनी भरला. मुलगी आईकडे पाहत होती. तिच्या मनात काय आले ते आम्ही विचारले नाही. पण येत्या ८ मार्चच्या फ्लेक्सवर मधोमध कोणाचा फोटो लावायचा, हे आमच्या मंडळाने ठरवले आहे.

जय भीम! जय सावित्री!